नक्कल करून हात बसला, पण स्वतःचं चित्र काही निघेना

सिव्हिलवाला_खटाव

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय आणि लांबलंय, सांभाळून घ्या.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलला राहतो, गाव खटाव तालुक्यात. गेल्या वर्षापासून चित्रं काढायला लागलोय. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी इंटरमिजिएट परीक्षा काहीच दिलेलं नाही, आमच्याकडं चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येऊन राहिलेला पोर्शन उरकायचे, त्यामुळं बेस असा शून्यच. आता रोज रात्री थोडं थोडं करून हात बऱ्यापैकी बसलाय, समोर एखादं चित्र ठेवलं तर बघणारा ओळखेल इतपत उतरवतो. पण समोरचं चित्र उचललं की संपलं. कागद कोरा तो कोराच, काय काढायचं तेच सुचत नाही, आणि जबरदस्तीनं काढलंच तर डोंगर, नदी, झोपडी, मधून उगवता सूर्य. वीस वर्षांचा घोडा झालोय आणि तिसरीतल्या पोरासारखं चित्र निघतं.

तर प्रश्न असा की नक्कल करत राहिलं तर पुढं कधीतरी आपलं असं काही यायला लागतं का, की नक्कल करायचीच सवय लागून जाते? ज्यांनी रीतसर शिक्षण घेतलंय त्यांनी सांगा प्लीज.

हे सगळं सुरू कसं झालं ते पण सांगतो म्हणजे नीट कळेल. यमाई आमचं कुलदैवत, औंधला दरवर्षी जाणं होतं, पण मूळपीठाच्या डोंगरावर देवीचं दर्शन झालं की खाली येऊन जेवायचं आणि गाडीत बसायचं हाच नेम. तिथलं श्री भवानी संग्रहालय डोंगरावरच आहे आणि मी लहानपणापासून त्याच्या बाहेरून जातोय, आत कधी गेलोच नव्हतो. गेल्या वर्षी गेलो तेव्हा देवळात गर्दी होती म्हणून टाइमपास म्हणून आत शिरलो. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, छापील नाही, खरी, हातानं रंगवलेली. आता रविवर्मा म्हणजे आपल्याला काय, आजीच्या देवघरातली लक्ष्मी नाहीतर वाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर. पण तिथं एका चित्राच्या जवळ गेलो तर साडीची जर म्हणजे नुसते पिवळ्या रंगाचे जाडे जाडे ठिपके आणि फटकारे, जरीबिरी काही नाही. चार पावलं मागं आलो की परत जर. पुढं गेलो की ठिपके. मी बराच वेळ नुसतं मागंपुढं करत होतो, तिथला माणूस पण बघायला लागला. आणि हाताच्या सावलीत चक्क हिरवट रंग होता, कातडीत हिरवा! मी आयुष्यात कधी सावली काळ्याशिवाय दुसऱ्या रंगाची असेल असा विचारच केला नव्हता. वडील बाहेरून फोनवर फोन करत होते.

होस्टेलला आल्यावर मिनी ड्राफ्टरच्या शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोबाईलमधलं चित्र बघून काढायला बसलो ते अजून तेच चाललंय. रविवर्मा झाला, धुरंधर झाले, परदेशी चित्रकार पण झाले.

रूममेट म्हणतो एवढी मरमर कशाला, एआयला सांग, दोन सेकंदात काढून देतं. त्याचं मला एवढं लागत नाही, दोन सेकंदात झालं असतं तर तो हिरवा रंग मला दिसला नसता. पण दुसरा एकजण म्हणाला "छान आहे रे, पण हे तर कॉपी आहे ना, तुझं काय त्यात?" ते मात्र डोक्यात बसलंय. फायदा झालाय हे खरं, म्हणजे आता ओल धरलेली भिंत बघितली की सीपेज कुठनं येतंय या आधी त्यातला निळसर करडा रंगच दिसतो, साइट व्हिजिटला सर कॉलमचं रिइन्फोर्समेंट दाखवत होते आणि मी सळ्यांच्या सावल्या बघत होतो. पण कागदावर माझं असं काही नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही. डिग्री सोडायची वगैरे अजिबात नाहीये, कुणी तसले सल्ले देऊ नका.

बॅकलॉग_बादशहा

पोरा आधी केटी (नापास झालेले विषय) राहिल्या असतील तर काढ. २०२१ साली चित्रकार गायतोंड्यांचं एक चित्र लिलावात ३९.९८ कोटींना गेलं, आणि माणूस २००१ ला वारलेला. म्हणजे चित्रकाराला काय मिळालं याचा हिशोब तूच कर, सिव्हिलवाला आहेस.

सिव्हिलवाला_खटाव

केटी एकपण नाही हो दादा. आणि विकायचं कुठं म्हणतोय मी.

निवृत्त_कलाशिक्षक

तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून आयुष्यभर माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, आणि हो, माझे तास पण गणिताला जायचे, त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरायची नाही.

तू ज्या औंधमध्ये हे सगळं बघितलंस त्या औंधचा राजाच मुळात चित्रकार होता हे तुला माहीत असेल. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्काराचा प्रसार केला तेच. त्यांनी स्वतः रामायणावर चित्रं काढून १९१६ साली ती पुस्तकरूपानं छापली, अजिंठ्यावर १९३२ ला ग्रंथ लिहिला, आणि १९३८ ला हे संग्रहालय उभं केलं. आणि वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित सातवळेकर, ते पण मूळचे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार आणि बरीच वर्षं औंधलाच राहिले. आपल्याच तालुक्यातल्या एका गावात एवढं सगळं असताना शेजारच्या गावातल्या पोराला वीस वर्षांचा होईपर्यंत त्याचा पत्ता नाही, यात दोष तुझा नाही.

आता नक्कल. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ ला सुरू झालं. तिथले ग्रिफिथ्स साहेब १८७२ पासून पुढं १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, काम काय, तर भिंतीवरच्या चित्रांच्या नकला. पेस्तनजी बोमनजी त्यात होते, जे पुढं मोठे पोर्ट्रेट पेंटर झाले. पोरं हिवाळ्यात लेण्यांत बसून एकेक चेहरा, एकेक हात उतरवून काढायची. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या. त्यांच्या आधी मेजर गिल साहेबांनी अशीच वर्षानुवर्षं खपून मोठमोठी चित्रं केली होती, ती १८६६ ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली. म्हणजे कागद गेले, कॅनव्हास गेले, पण त्या पोरांच्या हातात जे आलं होतं ते कसं जळणार? (दुसरी बाजू पण सांगतो. चित्र स्पष्ट दिसावं म्हणून भिंतींना व्हार्निश फासलं गेलं आणि ते पुढं पिवळं पडून मूळ चित्रांची हानी झाली. नकलेच्या हौसेपायी मूळ बिघडलं असंही घडतं.)

तुझी अडचण नक्कल नाहीये. तू डोळा कागद डोळा कागद असं करतोस, मध्ये डोक्यात काही थांबतच नाही. एलिमेंटरीला वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती यांच्याबरोबर स्मरणचित्राचा पेपर असतो. पोरं तो पाठ करून देतात, भाजी मंडई, बसस्टॉप, गणपती विसर्जन, क्लासवाले तीन माणसं ठरवून देतात आणि तीच तीन माणसं सगळीकडे उभी. त्यामुळं त्या पेपराची पार वाट लागली. पण मूळ कल्पना फार चांगली आहे. तू असं कर. एक चित्र घे, पाऊण तास नुसतं बघ, पेन्सिल हातात घ्यायची नाही. मग ते पालथं घालून काढ. जे आठवेल तेच काढ, आठवत नाही तिथं कागद मोकळा सोड, ठोकून द्यायचं नाही. झालं की मूळ चित्र शेजारी ठेव आणि काय राहिलं, काय मोठं झालं, काय हललं ते बघ. चुकलं म्हणून खोडायचं नाही, खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेव. तुला जे आठवलं आणि तुझ्या रूममेटला जे आठवेल ते एक नसणार. तिथून धागा धर.

जेजे_थर्ड_इयर

सरांचं स्मरणचित्राचं पटलं, पण पाऊण तास बघ वगैरे मला तरी जमलं नसतं, आणि माझं एका गोष्टीत वेगळं मत आहे. मी पेंटिंगला आहे, मी पण खेड्यातूनच आलेय.

सिव्हिलवाला, तू नक्कल करतोयस मोबाईलवरून, हा खरा घोळ आहे. औंधला तुला जे दिसलं ते पुढं मागं चालल्यामुळं दिसलं ना? मोबाईलवर पुढं मागं काय चालणार, झूम केलं की पिक्सेल. सगळी चित्रं तळहाताएवढी, सगळी एकाच उजेडात, आणि स्क्रीन स्वतःच उजळते त्यामुळं गडद भाग किती गडद आहे ते कळतच नाही. म्हणून मोबाईलवरून काढणाऱ्यांची चित्रं एकतर फिकट असतात नाहीतर सगळी बाह्यरेषा. तू सिव्हिलचा, म्हणजे मी न बघता सांगते की तू सगळ्याला एकाच जाडीची आउटलाइन मारत असणार, प्लॅन काढल्यासारखी.

मला फर्स्ट इयरला हेच ऐकावं लागलं, डोळे बारीक करून बघ म्हणायचे सर. डोळे किलकिले केले की डिटेल जातं आणि फक्त गडद, मधला, उजळ असे तीन पट्टे राहतात. आधी ते तीन मांड, एकच पेन्सिल, ६बी (मऊ, गडद शिशाची), आडवी धरून. नाक डोळे नंतर. खरं सांगू का, नाक डोळे नाही काढले तरी माणूस ओळखू येतो, वडील अंधारात दारात उभे राहिले तरी कळतंच की वडील आहेत.

दुसरं म्हणजे चित्रं बघून चित्रं काढू नको फक्त, हलणारी माणसं काढ. आम्ही सीएसएमटीला जाऊन बसायचो वह्या घेऊन, माणूस दोन मिनिटं पण एका जागी नसतो, लोकल लागली की तुझं मॉडेल पळालं, मग अर्धा हात राहिला की राहिला. पहिले कित्येक दिवस वहीत नुसत्या गुंतवळ्या होत्या. पण तिथं नक्कल करताच येत नाही ना, माणूस निघून गेला की पुढचं तुझं तुलाच ठरवावं लागतं. तुझ्याकडे एसटी स्टँड आहे, मेस आहे, ग्राउंड आहे.

आणि सुट्टीत मुंबईला आलास तर जहांगीर आर्ट गॅलरीत जा, तिकीट नाही, कुणी विचारत नाही तू कोण. पहिल्यांदा मी बाहेरूनच परत आले होते, वाटलं आत इंग्रजी बोलावं लागेल. काही नाही लागत. शेजारीच वस्तुसंग्रहालय आहे, रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. एका दिवसात तिन्ही करू नको, डोकं बधिर होतं.

गायतोंड्यांचा विषय वर पैशावर गेला म्हणून सांगते, ते पण आमच्याच कॉलेजचे, १९४८ चा डिप्लोमा. सुरुवातीच्या कामात आपल्या जुन्या लघुचित्रांचा अभ्यास दिसतो, आकृत्या आहेत, सपाट रंग आहेत. नंतरची चित्रं बघितलीस तर त्यात माणूस नाही, झाड नाही, काही नाही. मला सेकंड इयरपर्यंत ती अजिबात कळली नाहीत, आताही कळतात असं नाही, पण समोरून हलवत नाही.

सिव्हिलवाला_खटाव

आउटलाइनचं एकदम बरोबर ओळखलंत ताई, लाज वाटली. आमच्या ईजीच्या (इंजिनिअरिंग ग्राफिक्स) सरांनी लाइन एकसारखी नसली की शीट फाडायची धमकी दिलेली, तीच भीती हातात बसलीय.

सर, पाऊण तास नाही जमला, पण त्यातल्या त्यात बघितलं आणि करून बघितलं. धुरंधरांचं एक चित्र होतं बायकांचं. माझ्या लक्षात चेहरे राहिलेच नाहीत! पदर कुठून कुठं गेला ते पक्कं आठवत होतं, आणि एक बाई पाय कशी मुडपून बसलीय ते. बाकी अर्धा कागद मोकळा. हे असंच असतं का सगळ्यांचं?

निवृत्त_कलाशिक्षक

सगळ्यांचं नसतं, म्हणून तर तुला करायला सांगितलं. तुला वजन दिसतं. माणूस जमिनीला कुठं टेकलाय, कापड कुठून लोंबतंय. इमारतीचं शिक्षण घेतोयस त्याचाही परिणाम असेल. चेहरे येतील मागाहून, घाई नको.

फ्लेक्सपूर्वीचा

मी कोल्हापूरचा. माझे वडील बॅनर पेंटर. थिएटरचे मोठे बॅनर, दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं. हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, नाहीतर मी नुसतं वाचणारा.

वडिलांकडं एक छोटा फोटो यायचा पेपरातला किंवा पोस्टरचा, त्यावर ते पेन्सिलनं चौकटी पाडायचे, ग्राफ मारायचा म्हणतात त्याला, आणि तेवढ्याच चौकटी वीस फुटी कापडावर दोरीला खडू लावून टण्णकन उडवायचे. मग एकेक चौकट. जवळून बघितलं तर हिरोच्या गालावर निळा, जांभळा, शेंदरी असे हातभर पट्टे, शिडीवरनं उतरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघायचे, परत येऊन एक पट्टा मारायचे. तू जे औंधला केलंस तेच. मी लहान असताना मला पलीकडं उभं करायचे आणि विचारायचे, हसतोय का रे तो? मी नाही म्हणालो की परत शिडी.

त्यांनी जन्मात स्वतःचं म्हणून एक चित्र काढलं नाही. सगळं दुसऱ्याच्या फोटोवरनं. मग फ्लेक्स आला आणि काम गेलं, आता शेतात बसतात. तर त्या तुझ्या मित्राच्या हिशोबानं त्यांचं त्यात काहीच नव्हतं. पण मला आजपण जुन्या फोटोत बॅनर दिसला की कळतं हा आमच्या बापाचा आणि हा दुसऱ्याचा. ओठांच्या कडेला ते एक भगवी रेघ ओढायचे, फोटोत ती नसायची. का ओढता म्हणून विचारलं तर म्हणायचे, तिथं पायजेच.

आमच्या गावात बाबूराव पेंटर होऊन गेले, १८९० चा जन्म. कुठल्या शाळेत चित्रकला शिकले नाहीत, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता शिकले, आणि पुढं कॅमेरा पण स्वतः बनवून सिनेमा काढला. म्हणून एलिमेंटरी नाही दिली याचं दुःख करू नको भावा.

कागदाचं विचारलं नाहीस पण सांगतो, ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूवर पेन्सिल ठीक, पाण्याचे रंग लावलेस तर पापड होणार. जाड कागद आणायचा, ३०० जीएसएमचा, महाग वाटला तर एका शीटचे आठ तुकडे कर. रंगात कंजूषी चालते, कागदात नाही.

बॅकलॉग_बादशहा

ओठांच्या कडेची रेघ भारी. मी वर जे लिहिलं ते मस्करीत होतं, राग मानू नका.

डहाणूकडची

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं वाकडं बोलणार आहे.

मी वारली समाजातली, बी.एड. करतेय. आमच्याकडं लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, गेरू आणि शेणानं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, बांबूची काडी ठेचून ब्रश करतात. मधोमध पालघाट देवी. आमच्याकडं हे काम बायांचं, सवाशिणी करतात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौक आजीच्या आजीनं लिहिला तसाच लिहायचा. त्यात कुणी नवीन काही घातलं म्हणून तिचं कौतुक होत नाही, उलट चौक नीट झाला नाही म्हणतील आणि लग्न अडेल. "तुझं काय त्यात" हा प्रश्न तिथं कुणाला पडतच नाही. तरीपण मी सांगू शकते की हा चौक अमक्या पाड्यावरच्या म्हातारीचा आहे, तिच्या रेघा थरथरत्या पण गच्च भरलेल्या, आणि माझ्या मावशीचा हात मोकळा.

मग जिव्या सोमा म्हसे आले. पुरुष असून चित्र लिहायला लागले, ते पण लग्न नसताना, सत्तरच्या दशकात कागदावर. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र बघा कधी मिळालं तर, अख्खं चित्र म्हणजे जाळंच, त्यात माणूस एवढूसा. माणसं तीच, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, पण ते चित्र दुसऱ्या कुणाला सुचलेलं नव्हतं. २०११ ला पद्मश्री मिळाली, २०१८ ला गेले. म्हणजे नवीन माणूस काढायला लागला नाही त्यांना, त्याच माणसांना कुठं उभं करायचं ते त्यांचं होतं.

आता वाकडं. इथं सगळे नक्कल चांगली नक्कल चांगली म्हणताय. आमची नक्कल कपांवर, साड्यांवर, हॉटेलच्या भिंतींवर, सोसायटीच्या गेटवर सगळीकडं आहे, तारप्याचा नाच म्हणून काढतात आणि नाचणारे उलट्या दिशेनं फिरवतात, मध्ये तारपावाला, म्हणजे तारपा फुंकून वाजवणारा, पण नसतो कधी कधी. २०१४ ला वारली चित्रांना जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तरी चाललंय. रविवर्म्याची नक्कल केली तर त्याचं काय बिघडणार आहे, तो मोठाच राहणार. म्हणून कुणाची नक्कल करतो आणि पुढं तिचं काय करतो हे पण बघायला पाहिजे. शिकायला केली, वहीत ठेवली, काही हरकत नाही. इन्स्टाला टाकलीस तर खाली कुणाचं बघून काढलं ते लिही, एवढंच.

सिव्हिलवाला_खटाव

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता ताई. इन्स्टावर टाकत नाही, टाकलं तर लिहीन नक्की. तारप्याच्या नाचाची दिशा ठरलेली असते हे पण माहीत नव्हतं, आमच्या कॉलेजच्या गेटवर काढलाय तो आता जाऊन बघतो.

जेजे_थर्ड_इयर

+१ डहाणूकडची. आमच्या डिझाइनच्या असाइनमेंटला अर्धा वर्ग दरवर्षी वारली करतो, कुणीही कधी पालघरच्या पुढं गेलेलं नसतं. ते "त्याच माणसांना कुठं उभं करायचं" मी वहीत लिहून घेतलंय.

सिव्हिलवाला_खटाव

अपडेट देतो. सगळ्यांचं थोडं थोडं करून बघितलं, परीक्षा होती त्यामुळं उशीर झाला.

मेसमधल्या मावशी काढल्या. त्यांच्यासमोर वही काढायची हिंमत झाली नाही, म्हणून जेवताना नुसतं बघायचो आणि रूमवर येऊन काढायचो. सुरुवातीला आठवायचंच नाही काही, फक्त भाकरी थापताना त्यांचा उजवा खांदा वर जातो तेवढं आठवलं, मग दुसऱ्या दिवशी मुद्दाम डावा हात काय करतो ते बघायला गेलो. परातीची कड पोटाला टेकवून धरतात त्या, हे मी तीन वर्षं रोज समोर बसून जेवतोय आणि दिसलं नव्हतं. मग मागं चूल कुठं, तवा कुठं, उजेड कुठनं येतो, असं रोज एकेक गोष्ट चोरून आणायची. जेवण थंड व्हायचं. मित्र म्हणायला लागले मावशींकडं काय टक लावून बघतोस, मग शेवटी मावशींनाच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या काढ की, पण मला नवीन साडी नेसव चित्रात, ही फाटकी नको. आता साडी काय नेसवायची हा वेगळाच प्रॉब्लेम झालाय, कारण मला ती जुनीच, धुऊन धुऊन रंग गेलेली आवडली होती, तिच्या निऱ्यांत तो करडा रंग होता. शेवटी पदराला काठ दिलाय थोडा, पिवळ्या ठिपक्यांचा, रविवर्म्यावरनं ढापलेला. त्या खूश, मी पण निम्मा खूश.

३०० जीएसएम आणला, आठ तुकडे केले. पाण्याचे रंग पहिल्यांदाच वापरले, सगळा चिखल झालाय खालच्या बाजूला, पण खांदा आणि परात नीट आलीय असं मला वाटतं. चेहरा जवळजवळ नाहीच, वाफेत गेलाय. हे कशावरूनच कॉपी केलेलं नाही, तो काठ सोडून. फोटो टाकलाय खाली, मावशींना विचारून टाकलाय, बिनधास्त सांगा.

फ्लेक्सपूर्वीचा

खांदा जबरी आलाय. वडिलांना दाखवला, म्हणाले पोराला उजेड कळतोय, आणि परात एका बाजूला थोडी उचलून धर म्हणाले, पडत नाही ती.

निवृत्त_कलाशिक्षक

चांगलं झालंय. चिखल का झाला सांगतो, खालचा थर ओला असताना वर दुसरा रंग चढवलास आणि तिसरा पण. एक थर पूर्ण वाळू दे, हात लावून बघ, गार लागला तर अजून ओला आहे. आणि पांढरा रंग वापरलास का वाफेसाठी? तसं दिसतंय. वापरू नको, कागदच सोडायचा, कागदाइतका पांढरा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही. घरी सांगितलंस का?

सिव्हिलवाला_खटाव

हो सर पांढराच लावलाय, कसं ओळखलंत. घरी आईला सांगितलंय फक्त, ती म्हणाली यमाईचं काढ. सध्या टाळतोय.

जेजे_थर्ड_इयर

आईचं ऐक, पण मूर्तीचं नको, देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायका काढ, तुला पाय मुडपून बसलेल्या जमतातच.

चित्रात एकच सांगते. तव्याची कड सगळीकडून सारखी काळी केलीयस, पुन्हा प्लॅन झाला तिथं. वाफेकडची कड पुसट कर किंवा सोडूनच दे, फक्त खालची, चुलीकडची ठेव. वाळल्यावर स्वच्छ ओला ब्रश फिरवून टिश्यूनं टिपून घेतलंस तर अजूनही निघेल थोडी.

सिव्हिलवाला_खटाव

बघतो ताई, स्ट्रक्चरचं सबमिशन आहे शुक्रवारी, ते झालं की करतो.